शेगडी विझली, तरी डोकेदुखी थांबेना: नागपुरातल्या एका बाळंतिणीच्या घराचं प्रकरण

किचन चिमणी, गॅस गिझर आणि त्यांचा धूर बाहेर नेणारे पाइप तपासणं हे माझं काम. नागपुरात घरोघरी जाऊन मी ते करतो. खालचं प्रकरण मागच्या एका हिवाळ्यातलं आहे. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे, पण ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळं त्या क्रमावरच अवलंबून होतं.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचं महाल या नागपुरातल्या जुन्या वस्तीतलं. जुनं घर कवेलूंचं (कौलारू), भिंतींत झरोके, स्वयंपाकघरात धुराडं. धूर व्हायचा भरपूर, पण तो छपराच्या फटींतून आपोआप निघून जायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते घर सोडलं आणि वर्धा रोडकडच्या एका पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. घरात निवृत्त बाबा, आई आणि ७६ वर्षांची आजी. डिसेंबरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई नोकरीमुळे पुण्यात.

फ्लॅटची रचना नीट समजून घ्यायला हवी. स्वयंपाकघराच्या मागे धुण्याची छोटी बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन आणि भिंतीवर मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर. शेजारी बाथरूम, आणि तिचं व्हेंटिलेटर त्याच बाल्कनीत उघडणारं. बिल्डरने हे चुकीचं केलेलं नव्हतं. बाल्कनी उघडी होती, म्हणजे गिझर बाहेरच होता आणि बाथरूमलाही बाहेरची हवा मिळत होती.

पुढे तीन बदल झाले. पारव्यांनी उच्छाद मांडला म्हणून गेल्या पावसाळ्याआधी बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लागल्या. फॅब्रिकेटरने गिझरचा पाइप काचेशेजारच्या ॲक्रेलिकमधून बाहेर काढून दिला: चार फूट आडवा, मध्ये दोन वाकणं. दिवाळीत, आता घरात बारसं होणार म्हणून, नवी किचन चिमणी आली. तासाला १२०० घनमीटर हवा ओढणारी, पाइप थेट बाहेर. आणि डिसेंबर लागताच कुलरच्या खिडक्या बुजवल्या गेल्या.

हा तिसरा बदल नागपूरकरांना सांगायची गरज नाही. उन्हाळा संपला की कुलर उतरतो, आणि त्या खिडकीला प्लायवूड किंवा प्लास्टिक ठोकलं जातं. ४५ अंशांच्या पुढचा उन्हाळा सोसणारं हे गाव थंडीत तितकंच गारठतं. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. घरात तान्हं बाळ असल्यावर कोणती आई फट उघडी ठेवेल? इथे तर खिडक्यांच्या कडांनासुद्धा चिकटपट्टी लावली होती.

फॅब्रिकेटर, चिमणीचा फिटर, कुलरचा मिस्त्री. तिघांनी आपापलं काम चोख केलं. दुसऱ्याने काय केलंय हे पाहणं तिघांपैकी कुणाचंच काम नव्हतं.

काय घडत होतं

बाळंतीण दवाखान्यातून घरी आल्यावर रोजचा क्रम ठरला. सकाळी नऊला मालिशवाली मावशी यायची. आधी बाळाची मालिश-अंघोळ, मग बाळंतिणीची. गिझर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जवळजवळ अखंड चालायचा. त्याच वेळी आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, दुपारचा स्वयंपाक करत असायची. चिमणी सुरू. अंघोळ झाली की आजीची पाळी. ती शेगडी पेटवायची, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायची, खोलीचं दार लावून शेक द्यायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून लेकीचं डोकं सकाळी दहाच्या सुमारास जड व्हायला लागलं. मळमळ, झोपाळूपणा. आईलाही तेच. जागरणं आहेत, अशक्तपणा आहे, असं समजून सगळे गप्प बसले. बाबा नऊला फिरायला आणि मग वाचनालयात जायचे. त्यांना काहीच त्रास नव्हता.

एका सकाळी लेक बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन कमी, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९९ टक्के. लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

रात्री जावयाला व्हिडिओ कॉलवर सगळं कळलं. त्याने कुठेतरी कोळशाच्या शेगडीने माणसं दगावल्याचं वाचलं होतं. तो घाबरून म्हणाला, "ती शेगडी आजच्या आज बंद करा." शेगडी बंद झाली. आजी म्हणाली, "मायी चार बाळंतपणं याच शेगडीवर झाली. काहून आताच बाधली?" कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पणतवंडाच्या खोलीत जाईना. दारातून बघायची आणि परत फिरायची.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

शेगडी बंद करणं बरोबर होतं, यात मला शंका नाही. बंद खोलीत कोळसा जाळणं जिवावर बेतू शकतं. धूर निघून गेला, निखारे लाल फुलले, की धोका टळला असं आपल्याकडे मानतात. ते उलट आहे. कार्बन मोनॉक्साइड फुललेल्या निखाऱ्यातूनच भरपूर निघतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बाळंतिणीचं हिमोग्लोबिन आधीच कमी, आणि तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक वेगाने चालतो.

चूक झाली ती नंतर. दोषी सापडला असं सगळ्यांना वाटलं आणि शोध तिथेच थांबला. पुढच्या दोन दिवसांत लेकीला जरा बरं वाटलं, त्यामुळे खात्रीच पटली. ते दोन दिवस मावशी सुटीवर होती आणि अंघोळी झटपट उरकल्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी आईला ओट्यापाशीच उलटी झाली. बाळ दूध प्यायला उठेना. कुणीतरी गॅस गळतीची शंका काढली. एजन्सीचा मेकॅनिक आला, साबणाच्या फेसाने सगळे जोड तपासले, गळती नाही म्हणाला. त्याचं म्हणणं खरंच होतं. न जळालेल्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास असतो, म्हणून तो कळतो. पण ज्वालेत तो वास जळून जातो. अर्धवट जळालेल्या गॅसमधून जे विष तयार होतं, ते ना फेसात दिसतं ना नाकाला कळतं.

फोनवरची दहा मिनिटं

बाबांचा फोन मला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आला, तोही गिझरसाठी नव्हे. "चिमणी नीट ओढत नाही वाटतं जी, बायकोला ओट्याजवळ गुदमरल्यासारखं होते. सर्व्हिसिंग करून द्या." शनिवारची वेळ देऊन मी फोन ठेवू शकलो असतो. सर्व्हिसिंगचे असे फोन रोज येतात.

पण मी ठरावीक प्रश्न नेहमीच विचारतो: घरात गॅसवर चालणारं काय काय आहे, त्रास कुणाला, किती वाजता, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं का. शेवटच्या प्रश्नावर बाबा थांबले. मग त्यांनी फोन आईला दिला. आईने बोलता बोलता सांगितलं की मावशीसुद्धा तक्रार करत होती: "ताई, तुमच्याच घरी माझं डोकं धरते. चार घरं करते मी, बाकी कुठंच नाही धरत." आईला वाटलं होतं, तिला पैसे वाढवून हवे असतील.

मी तिथेच त्यांना थांबवलं. या बाईची शेगडीजवळ बसायची वेळच नव्हती. ती बाथरूममध्ये असायची.

मी चार गोष्टी सांगितल्या. गिझर आत्ता बंद करा. सगळ्या खिडक्या उघडा, थंडी वाजू द्या. बाळाला, लेकीला आणि आईला लगेच दवाखान्यात न्या. आणि तिथे नुसतं "चक्कर येते" म्हणू नका, "कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे, रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासा" असं सांगा. हे शब्द मी बाबांना कागदावर लिहून घ्यायला लावले. कार्बोक्सीहिमोग्लोबिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन.

साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असो की कार्बन मोनॉक्साइड, त्या यंत्राच्या प्रकाशाला दोन्ही जवळपास सारखेच लाल दिसतात. म्हणून आकडा ९९ येतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. वेळही महत्त्वाची. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. उशिरा रक्त घेतलं की पुरावाच नाहीसा होतो. अंघोळीनंतर अडीच तासांनी घेतलेल्या लेकीच्या नमुन्यात कार्बोक्सीहिमोग्लोबिन ६ टक्के निघालं. सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं. तिला ऑक्सिजन दिला आणि बाळाला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.

तपासणी

दुपारी मी घरी पोचलो. बाबा आणि आजी तेवढे होते. त्यांना गच्चीवर पाठवलं. सोबत माझा मदतनीस दाराबाहेर, माझ्याकडे कार्बन मोनॉक्साइड मोजणारी दोन यंत्रं (मीटर), आणि ठरवून टाकलेलं की स्वयंपाकघरात १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १०० भाग) दिसले की सगळं बंद करायचं.

सकाळी जशी असते तशी घराची स्थिती केली. खिडक्या बंद, चिकटपट्ट्या जागच्या जागी, स्वयंपाकघरातून बाल्कनीचं दार उघडं. चिमणी बंद ठेवून गिझर चालू केला. गिझरच्या वरच्या झडपेपाशी अगरबत्ती धरली. धूर आत ओढला जात होता, म्हणजे पाइप काम करत होता. बाल्कनीत ६ पीपीएम. एखादा घाईतला तपासनीस इथेच "सगळं ठीक" लिहून निघाला असता.

मग चिमणी पूर्ण वेगावर लावली. अगरबत्तीचा धूर आधी सरळ उभा राहिला, थरथरला, आणि मिनिटभराच्या आत माझ्या तोंडाकडे वाकला. गिझरचा धूर पाइपातून बाहेर जायचा सोडून घरात परत येत होता. चार मिनिटांनी बाल्कनीत ३५. नऊ मिनिटांनी १४०, आणि तोवर निळ्याशार असलेल्या ज्वालांची टोकं पिवळी पडायला लागली. बाराव्या मिनिटाला बाल्कनीत ३१०, बाथरूममध्ये १८०, स्वयंपाकघरात ९०, बाळाच्या खोलीत ४०. मी बंद केलं. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासाची मर्यादा साधारण ३० पीपीएम आहे.

बाबांचा समज होता की चिमणी ओढत नाही. ती जास्तच ओढत होती. घरात हवा सुमारे १७५ घनमीटर. कागदावर पाहिलं तर ही चिमणी तासाला त्याच्या जवळजवळ सातपट हवा बाहेर फेकायला बघते. तितकी हवा आत यायला वाट हवी. वाटा सगळ्या बुजवलेल्या. मग ती मिळेल त्या भोकातून हवा खेचते, आणि उरलेलं एकमेव मोठं भोक म्हणजे गिझरचा पाइप. त्यात गिझर स्वतः तासाला किलोभर गॅस जाळतो, आणि किलोभर गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. परतलेला धूरच पुन्हा पुन्हा ज्वालेला मिळू लागला की ज्वलन बिघडतं आणि कार्बन मोनॉक्साइड चढत जातो. बाथरूमचं व्हेंटिलेटर त्या बाल्कनीत उघडत होतं, म्हणजे अंघोळ करणाऱ्याला "ताजी हवा" तिथूनच मिळत होती.

अर्ध्या तासाने घर मोकळं झाल्यावर शेवटची चाचणी केली. चिमणी आणि गिझर दोन्ही चालू, पण स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी. अर्ध्या मिनिटात अगरबत्तीचा धूर पुन्हा झडपेत शिरला.

त्याआधीच्या हिवाळ्यात त्रास का झाला नाही, याचंही उत्तर इथे मिळालं. तेव्हा चिमणी नव्हती. आणि उन्हाळ्यात तर कुलर बाहेरची हवा घरात ढकलत असतो, त्यामुळे धूर उलटायचा प्रश्नच येत नाही. हे घर वर्षातले दहा महिने सुरक्षित होतं.

कोणते पर्याय होते

बाबांना सगळ्यात सोपा पर्याय आवडला: अंघोळ चालू असताना चिमणी बंद ठेवायची. पैसे लागत नाहीत. मी तो ठामपणे नाकारला. ज्या घरात बाळासाठी तीन बायका रात्रभर जागतात, तिथे सकाळच्या घाईत एक बटण लक्षात ठेवण्यावर चौघांचे जीव सोपवता येत नाहीत. खिडकी उघडी ठेवायच्या नियमाचंही तेच. पहिल्या गार सकाळी ती बंद होणार.

गिझर दुसरीकडे हलवायला उघडी जागा नव्हती. बाहेरून हवा घेणारा, बाहेरच धूर सोडणारा पूर्ण बंदिस्त गिझर हा तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय, पण तो मागवून बसवायला वेळ लागणार होता आणि खर्चही मोठा. नुसता अलार्म लावणं म्हणजे विष तयार होऊ देऊन ते मोजत बसणं. अलार्म हवाच, पण उपाय म्हणून नाही.

राहिले दोन: बाल्कनी पुन्हा उघडी करणं, किंवा विजेचा गिझर. बाल्कनी उघडली की पारवे परत येणार, याचा आईला धसका होता. विजेच्या गिझरला वेगळी वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट हवा, अर्थिंग तपासायला हवं. दोन दिवसांचं काम.

काय केलं

दोन्ही केलं. गॅस गिझरचा पाइप त्याच दुपारी काढून कनेक्शन बंद केलं. सरकत्या काचांपैकी दोन काढून तिथे पारव्यांसाठी जाळी बसवली, म्हणजे बाथरूमचं व्हेंटिलेटर पुन्हा खऱ्या हवेत उघडायला लागलं. तिसऱ्या दिवशी १५ लिटरचा विजेचा गिझर लागला. मधले दोन दिवस पाणी स्वयंपाकघरात पातेल्यात तापवलं, खिडकी उघडी ठेवून. स्वयंपाकघराच्या खिडकीत वरच्या बाजूला कायमची उघडी लूव्हर (आडव्या पट्ट्यांची झरोक्यासारखी चौकट) बसवली, कारण गॅस गिझर गेला तरी चिमणीला हवा लागणारच, आणि ओट्यावरच्या चार बर्नरचा गॅसही तिथेच जळतो. बाळाच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि हवेत सगळीकडे मिसळतो. म्हणून स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म जसा जमिनीलगत लावतात, तसा हा लावायचा नसतो. झोपणाऱ्याच्या श्वासाच्या उंचीवर लावला तरी चालतो.

आजीशी मी वेगळा बोललो. तिने आधी विचारलं, "म्हणजे मायी शेगडी नव्हती?" मला खरं सांगायचं होतं, तिला बरं वाटेल ते नाही. मी तिच्यासमोर गच्चीवरच्या छोट्या खोलीत शेगडी पेटवली, दार लोटलं आणि मीटर काचेतून दिसेल असा ठेवला. वीस मिनिटांत आकडा ८० च्या पुढे गेला. "चक्कर तुमच्या शेगडीने आली असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो, "पण ती या घरात चालणार नाही. महालातल्या घराला कवेलू होते." ती बराच वेळ आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कवेलू होते, हे खरं हाये."

शेक बंद झाला नाही. ओव्याची पुरचुंडी आता ती तव्यावर गरम करते, आधी स्वतःच्या गालाला लावून बघते आणि मग बाळाच्या पोटाला टेकवते. धुरी मात्र गेली. तान्ह्या बाळाच्या छातीला कुठलाच धूर चांगला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांच्या बाजूने सगळ्यात मोठी संधी हुकली ती मावशीच्या तक्रारीत. त्या घरात रोज तासभर येऊन मग दुसऱ्या तीन घरांत जाणारं तेच एक माणूस होतं. तुलना फक्त तिलाच करता येत होती, आणि तिने ती केलीही. बाबांना त्रास नसणं हीसुद्धा तशीच खूण होती, पण त्याचा अर्थ "म्हणजे घरात काही नाही" असा लावला गेला.

कारागिरांच्या बाजूने: बाल्कनी बंद करताना फॅब्रिकेटरने "आत गॅस गिझर आहे का, बाथरूमची खिडकी कुठे उघडते" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. चिमणी बसवणाऱ्याने "हवा आत कुठून येणार" असं विचारायला हवं होतं. मी स्वतःही बरीच वर्षं चिमणीच्या सर्व्हिसिंगला जाऊन फक्त तेलकट जाळ्या, मोटर आणि पाइप बघत होतो. या प्रकरणानंतर मी प्रत्येक घरात चिमणी पूर्ण वेगावर लावून गिझरपाशी अगरबत्ती धरतो. पाच मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट मी करायला हवी होती, ती उशिरा केली. त्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या वर आणि खाली अगदी तसेच फ्लॅट आहेत, तीच बाल्कनी, तेच व्हेंटिलेटर. मला ते त्याच दुपारी दिसत होतं. तरी मी तिथे आठ दिवसांनी गेलो. त्या रांगेतल्या बाकीच्या चार घरांपैकी तिघांनी बाल्कनी बंद केलेली निघाली, आणि त्या तिघांकडेही गॅस गिझर. एका घरातल्या काकू म्हणाल्या, हिवाळ्यात सकाळी डोकं दुखतंच, सायनस आहे.

दोन घरांनी त्याच आठवड्यात काचा काढल्या. तिसऱ्यात भाडेकरू राहतात आणि घरमालक दुसऱ्या गावी. तो अजून तयार नाही. तिथे सोसायटीच्या पैशांतून अलार्म लावून घेतला आहे, आणि सकाळी चिमणी लावण्याआधी खिडकी उघडायची, असं त्या घरातल्या मुलीने मार्करने थेट चिमणीच्या काचेवर लिहून ठेवलं आहे.